काड्यांची शिकवणी

एका जेवणातून हिंमतरावांना काय काय मिळायचं होतं, ते आधी सांगितलेलं बरं. जपानी कापूस कंपनीची चिखलीची एजन्सी. तिच्यापाठोपाठ बाजारात बसायला पहिली खुर्ची. आणि मेहकरच्या वामनरावाचं उतरलेलं तोंड, हे वरकड. एजन्सीसाठी दोघंच उभे होते. कंपनीचे ओकुदासाहेब महिन्याभराने दोघांनाही मुंबईत, कुलाब्याच्या एका जपानी खाणावळीत जेवू घालणार होते. जेवण काड्यांनी असतं, आणि साहेब जेवताना माणूस पारखतात, असं दलालाने पत्रात कळवलं होतं.

चिखलीत काड्यांनी जेवलेला माणूस एकच, पुंजाजी. नऊ वर्षं बोटीवर खलाशी होता. शांघाय, हाँगकाँग, जपानातलं कोबे बघून आला आणि हिंमतरावांच्याच सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलू लागला. राहायचा गावकुसाबाहेर. जिनात त्याला पाणी ओंजळीत, वरून ओतत.

हिंमतरावांनी त्याला सरकीच्या कोठीत बोलावलं आणि दार लोटलं.

"पुंज्या, जपान्याईकडं जेवाले जाऊन राह्यलो. काडीनं खाणं शिकव मले. काय घेशील?"

"पैसे नको, मालक. पन शिकाचं असन त रीतीनं शिका. नुसती काडी धरून भागत नाही."

"काय रीत आहे?"

"वाडगा मधात, एकच. सगळे त्याच्यातूनच उचलतात. अन् चांगला तुकडा आपल्या काडीनं समोरच्याच्या पुढ्यात ठेवाचा. नाही ठेवला त अपमान समजतात."

"मंग माह्यासमोर कोण बसन?"

"कोठीत त तुमी अन् मीच आहो."

हिंमतराव बराच वेळ सरकीच्या ढिगाकडे बघत राहिले. वामनरावाचं तोंड त्यांना त्या ढिगातही दिसत असावं.

"कोणाले बोलायचं नाही," ते म्हणाले.

"मी काऊन बोलू?"

पहिले चार दिवस तुराटीच्या तासलेल्या काड्यांनी सरकीचं एकेक बी उचलण्यात गेले. हिंमतरावांची बोटं आखडत, बी निसटून धोतरात पडे.

"मालक, काडी धरा. चाबूक नाही."

हे ऐकून घ्यावं लागे. जिनातल्या साठ माणसांपैकी कोणाची हिंमत नव्हती असं बोलायची, आणि हा तर समोर मांडी घालून बसलेला.

पाचव्या दिवशी वाडगा आला. जिनात भूक लागते, असं सांगून हिंमतरावांनी घरून मटणाचा रस्सा डब्यात आणवला होता. पुंजाजीने आधी काडी घातली, एक तुकडा उचलला, सावकाश चावला. मग हिंमतरावांनी घालायची होती. त्यांचा हात वाडग्यावर तसाच थांबला. शेवटी डोळे मिटून त्यांनी बटाटा उचलला आणि औषधासारखा गिळला.

"आता माह्या पुढ्यात," पुंजाजी म्हणाला.

तुकडा तीनदा पडला. पुंजाजी घाई करत नव्हता. चौथ्यांदा जमला, तेव्हा त्याने मान थोडी लववली. तीही रीतच असेल, असं हिंमतरावांनी धरलं.

असे अकरा दिवस चाललं. रोज शिकवणी आटोपली की हिंमतराव मागच्या विहिरीवर डोक्यावरून पाणी घेत आणि मग घरात शिरत.

"दुपारची आंघोळ काऊन सुरू केली?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"सरकीची धूळ."

"धूळ त वीस वर्षांपासून आहे."

हिंमतराव बायकोच्या नजरेला नजर न देता आत गेले.

मलकापूरला गाडी धरताना त्यांच्या खिशात तुराटीच्या काड्या होत्या. रात्रभर ते बोटं हलवत बसले.

खाणावळीत बुटक्या मेजाभोवती बसवलं. प्रत्येकापुढे एकेक तबक आलं, त्यात लहान लहान वाडगे. वामनरावाने न लाजता चमचा मागितला आणि खाली मान घालून जेवू लागला. हिंमतराव मधल्या वाडग्याची वाट पाहत राहिले. तो काही येईना. साहेबांपुढचा वाडगा त्यातल्या त्यात मोठा होता. हाच तो, असं त्यांनी ठरवलं, हात लांब केला आणि साहेबांच्या वाडग्यातला मासा बिनचूक उचलून तोंडात घातला.

सगळे गप्प झाले. हिंमतरावांना वाटलं, आपल्या हातोटीमुळे. मग त्यांनी आपल्या वाडग्यातला सगळ्यांत चांगला तुकडा उचलला आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवला.

ओकुदासाहेब किंचित हसले. आपल्या काड्या खाली ठेवल्या. वाढप्याने, कोणी न सांगता, तो वाडगा दोन बोटांनी कडेला धरून उचलला आणि दुसरा आणून ठेवला. उष्टं भांडं उचलायची ती तऱ्हा हिंमतरावांना चांगली ठाऊक होती. फक्त या बाजूने बसून ती कधी पाहिली नव्हती.

एजन्सी वामनरावाला गेली.

चिखलीत आल्यावर लोकांनी विचारलं, काय झालं म्हणून. हिंमतरावांनी भाव जमला नाही म्हणून सांगितलं. खरं सांगायचं तर वाडग्याची गोष्ट सांगावी लागली असती, आणि वाडग्याची सांगितली की कोठीतली. चौथ्या दिवशी त्यांनी पुंजाजीला कोठीत बोलावलं आणि दार लोटलं.

"तिथं मधात वाडगा नव्हता," ते हळूच म्हणाले. मोठ्याने बोलायची सोय नव्हती.

"नसनच, मालक. मी शिकवलं ते चिन्यायचं."

"जपान्याईचं येत नव्हतं तुले?"

"येते ना. कोबेले चार महिने राह्यलो. पन त्यायच्यात ज्याचं ताट त्याच्यापुढं, वेगळं असते."