उपकार कोंबडीचे

गेरूनं सारवलेल्या भिंतीवर मी तांदळाच्या पिठानं बाची आश्रमशाळा काढली: भादरलेल्या डोक्यांची पोरं आणि छडीवाला मास्तर. लहानपणी तिथल्या भिंतीवर बानं आईच्या आठवणीनं घरची कोंबडी काढली होती, म्हणून मास्तरनं त्याची बोटं फोडली. तेव्हापासून बानं कुठलंच चित्र काढलं नव्हतं.

बा भिंतीजवळ आला. मला वाटलं, आता पुसायला सांगणार.

“मास्तर एवढा बारीक नव्हता,” तो म्हणाला. “काडी दे इकडं.”

काडी पिठात बुडवून त्यानं मास्तरच्या डोक्यावर कोंबडी बसवली. नीट बघून तिच्याखाली अंडंही ठेवलं.

आता रोज एक नवी कोंबडी येते. शाळा शोधावी लागते. उपकार स्मरून मी कोंबडी खाणं सोडलं. बा खातो.