गोडा मसाला, पाव किलो

"त्या दाभाड्यांच्या गुडघ्याची तुला एवढी काळजी?" नरहररावांनी बायकोला विचारले.

"मी नाही, ॲप विचारतं," पाकिटात मसाला भरत कुमुदिनी म्हणाली. "गिऱ्हाइकांशी माझ्या आवाजात तेच बोलतं."

"आवाज तुझाच ना? गुडघा माझाही दुखतो."

दुपारी नरहररावांनी गच्चीत जाऊन फोनवरून खोट्या नावाने पाव किलो गोडा मसाला मागवला. गुडघा दुखतो म्हणताच कुमुदिनीच्या आवाजाने त्याची चौकशी केली आणि ते तासभर बोलत राहिले. पत्ता मात्र त्यांनी सवयीने घरचाच दिला.

संध्याकाळी कुमुदिनीने पाकीट त्यांच्यापुढे ठेवले. ॲपवरचे सगळे बोलणे तिने ऐकले होते.

"चाळीस वर्षांत माझ्याशी कधी इतकं बोललात?" ती म्हणाली. "कोण लागते ती तुमची?"