विहिरीतल्या सुनेचा शेवट

"टीव्हीवर काय दखाडी ऱ्हायनात?" कुंदाबाईनं तिसऱ्यांदा विचारलं.

"जाहिरात शे, आत्या," नूतन म्हणाली.

आज मालिकेचा शेवटचा भाग. काल रात्री वीज नव्हती, म्हणून सकाळी पुन्हा लागतो तो बघणं चाललं होतं, आणि नूतनचा जीव टांगणीला लागला होता. कुंदाबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, त्यात मालिका हिंदी. तेव्हा पडद्यावर जे घडेल ते सासूला अहिराणीत सांगायचं काम सुनेचं. एका सासूनं सुनेला मंतरून विहिरीत कोंडलंय आणि सून रोज आतून हाका मारते, एवढ्या भांडवलावर मालिकावाल्यांनी आठ महिने काढले होते. दिवाळीला नूतननं माहेरचं नाव काढलं, तर कुंदाबाई म्हणाली, "शिरीयल सरू दे, मंग जाय." संक्रांतीलाही तेच.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती. आखाजीला लेक माहेरच्या झोक्यावर दिसली नाही, तर गाव तिच्या आईला विचारतं, पोर शे ना खुशाल? म्हणून पिंपळनेरहून भाऊ ललित न्यायला आला होता आणि बहिणीची पिशवी पायाशी घेऊन खाटेच्या कडेवर बसला होता. नूतनचा नवरा किरण सुरतेला कामावर. आठ दिवस म्हातारीला भाकरी द्यायला शेजारची ताईबाई तयार होती. अडलं होतं ते फक्त विहिरीतल्या बाईपाशी.

नमनालाच घडाभर तेल जाळून भाग एकदाचा रंगात आला. विहिरीवरचा दगड सरकला. सुनेचा हात काठावर आला, मग डोकं. नूतन भराभरा सांगत होती आणि कुंदाबाई मांडीवर थापा मारत होती, "ये माय, ये बाहेर!"

तेवढ्यात सासूनं तिचे केस धरले आणि तिला परत आत लोटलं. दगड बसला. आतून एक लांबलचक किंकाळी, आणि वर ठसठशीत अक्षरं: पर्व दुसरं, सोमवारपासून.

नूतनला संताप आला. बाईला वर काढायला ह्यांच्या बापाचं काय जात होतं?

"काय व्हयनं? का बरं चिल्लायनी ती?"

"खुशीनं चिल्लायनी," नूतन म्हणाली. "सुटनी ती, आत्या. सासूनीच दगड सरकाडा. म्हने, जाय माय, तुना माहेरले जाय. भाऊ उभाच व्हता. गयी."

ललितनं तोंड उघडलं. नूतननं असे डोळे वटारले, की त्यानं ते मुकाट्यानं मिटलं. तिनं उठून टीव्ही बंद केला.

"सरनं का मंग?"

"सरनं."

कुंदाबाई म्हणाली, "शबद दिधा व्हता मी. जाय."

नूतनला विश्वासच बसेना. ती घाईघाईनं पाया पडली. ललितनं पिशवी उचलली आणि गाडी सुरू करायला तो बाहेर गेला. नूतननं चपलेत एक पाय सरकवला.

"पन हाऊ शेवट माले पटना नही," मागून कुंदाबाई म्हणाली.

"का बरं?"

"ती गयी, बरं व्हयनं. पन मंग सासूनं काय व्हयनं? इतला मोठा घरमा ती एकलीच. ते दखाडं का नही?"

नूतनला वाटलं, ऐकलंच नाही असं करून पळावं. बाहेर ललितनं हॉर्न वाजवला. तिचा दुसरा पाय काही चपलेत जाईना.

"नही, आत्या," ती म्हणाली. "ते नही दखाडं."

कुंदाबाई बंद टीव्हीकडे तोंड करून बसली होती.

"दखाडाले पाहिजे व्हतं," ती म्हणाली.