उभ्या गाड्यांची वीज

विजेवर, चालकाविना धावणाऱ्या गाड्यांचा कारखाना तोट्यात आहे, तो बंद करायचा, असं ठरवूनच मालकीण शर्वरी पाध्ये गुहागरच्या दवाखान्यात पोहोचल्या. आत वडिलांच्या पोटाची शस्त्रक्रिया चालली होती. वादळाने गावाची वीज गेली होती, पण इथे दिवे लख्ख होते.

"वीज कुठून येते?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच गाड्यांतून, ताई," परिचारिका म्हणाली. "वीज गेली की गावातल्या गाड्या आपणहून इथे येऊन बॅटरीतली वीज देतात. आम्ही ती वीज मालकांकडून विकत घेतो."

उभ्या गाडीच्या कमाईचा कंपनीत कुणी विचारच केला नव्हता. शर्वरींनी तिथूनच फोन लावला. "कारखाना चालू ठेवा. गाडी स्वस्त देऊ, विजेच्या कमाईत वाटा घेऊ."

संध्याकाळी वडील शुद्धीवर आले आणि त्यांनी आधी चहा मागितला.