इराच्या सालची बरणी

ज्ञानेश्वरने बाटली फळीवर ठेवली ती दोन्ही हातांनी, तान्हं मूल पाळण्यात ठेवावं तशी.

"माय, हे पोर्तुगालहून आनलं. इराच्या लग्नासाठी."

तानुबाई गहू निवडत होती. लेक सातासमुद्रापलीकडून सकाळीच घरी उतरला होता, तरी तिनं मान वर केली नाही. "दारूच ना?"

"पोर्ट वाईन म्हन्तात याले. कंपनीनं पाठवलं होतं ना मले, तवा नदीकाठी वाईन करनाऱ्यायचं एक घर पाह्यलं. तीनशे वर्षांचं. तळघरात नुसती लाकडी पिंपं. अंधार, गारवा, अन् वास असा का बोलाचं सुचत नाही. द्राक्षं दगडी हौदात टाकून पायानं तुडवतात, आताबी."

"पाय धुतात का नाही?"

दारात टॉवेल झटकणारी हिमानी, त्याची बायको, इराची आई, हसली. ज्ञानेश्वर हसला नाही. पुण्यात राहून मायचे टोमणे झेलायची सवय मोडली होती.

"ऐक तं. त्या घरात पोरगी झाली का त्या सालची वाईन बाजूले काढतात. तिच्या लग्नात उघडतात. तोवर कोनी हात लावत नाही. ही आपल्या इराच्या सालची हाय."

आता तानुबाईने सूप खाली ठेवलं.

"मंग आपल्यात काय येगळं हाय? इरा झाली त्या साली म्या लिंबाचं लोनचं घातलं. सासूच्या बरणीतला खार त्यात वतला. तिनं तिच्या सासूचा वतला होता. आंघोळ केल्याबिगर हात नाही लावला, अन् दुसऱ्या कोनाले लावू देल्ला नाही. पोरगी सासरी निघाली का तिच्यासंगं द्याचं म्हून." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चाल, पाह्य तुह्या डोळ्यानं."

कोठीच्या खोलीत फळ्या पुसून लख्ख केल्या होत्या. चिनी मातीची बरणी खिडकीशी पालथी घातलेली होती.

"आई," हिमानी हळूच म्हणाली, "लग्नाचे पाहुणे येणार म्हणून परवा खोली आवरली. आतलं सगळं काळंकुट्ट झालं होतं. मला वाटलं, खराब झालंय. यांना फोन करून विचारलंही होतं मी."

तानुबाईने लेकाकडे पाहिलं.

"मीच म्हनलं, काळं झालं असन तं फेक," ज्ञानेश्वर पुटपुटला. "घाईत होतो, माय. दुकानात होतो. हेच बांधून घेत होतो."

"कुठी फेकलं?"

"मागच्या नालीत," हिमानी म्हणाली. "वरून दोन बादल्या पाणी ओतलं."

तानुबाई खाली बसली. बरणी सुलटी केली, आत हात घालून तळाशी बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. साबण लागला.

"लहानपनी तापात तोंड कडू झालं का आजीच्या बरणीतलं लिंबू मांगत होता तू," ती म्हणाली. "ते काय पिवळं होतं?"

ज्ञानेश्वर तिच्याशेजारी उकिडवा बसला. "नवं घालू ना, माय. लिंबं आनतो उद्या."

"लिंबं आनशीन. खार कोठून आनशीन?"

"आता मले काय मालूम, त्याचं असं हाय म्हून! कोनी सांगतलंच नाही कधी."

"तिकडलं तुले कोनं सांगतलं?"

"तिथं मानूस ठेवला हाय. तळघरात फिरवते, समदं समजावून सांगते. तिकीट असते त्याचं."

तानुबाईने बोट पदराला पुसलं.

"हाव," ती म्हणाली. "म्या तिकीट नाही लावलं."