उकिरड्याचं पुस्तक

“मिटा ते पुस्तक, बाई,” यांदे दबक्या आवाजात म्हणाली. “पोराला काही दाखवू नका. कुणी बघेल.”

रामाता दर मंगळवारी सालूम नदीकाठच्या वस्त्यांवरून फिरायची. तान्ह्या बाळांच्या आयांना भेटायची. झोळीतून जाड पुठ्ठ्याची चित्रांची पुस्तकं काढायची. बाळाशी बोला, खेळा, त्याने आवाज काढला की उत्तर द्या, एवढंच तिचं सांगणं. बाकीच्या बायका हसत हसत ऐकायच्या. यांदेने मात्र दोन्ही हात पाठीमागे घेतले होते.

“कुणी म्हणजे कोण?” रामाताने विचारलं.

ज्यांनी यांदेची आधीची तीन बाळं नेली, त्यांचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. त्या तिघांना तिने गाणी म्हटली होती, मुके घेतले होते, चारचौघांत मिरवलं होतं. म्हणून हा चौथा जन्मला तेव्हा तिच्या सासूने, सेल्बेने, त्याला नेऊन उकिरड्यावर ठेवलं. शेजारणीने उचलून आणला. ओंजळभर बाजरी देऊन यांदेने तो तिच्याकडून घेतला. नावही उकिरडाच ठेवलं. नकोशा पोराला कोण कशाला नेईल? त्याला दूध वेळेवर मिळे, तेल लागे, पण सगळं मुकाट्याने. लाड नाही, गोड शब्द नाही, टक लावून बघणं नाही. सेल्बेने तर दहा महिन्यांत त्याला एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं.

रामाताने बाळाच्या मागे टाळी वाजवली. त्याने चटकन मान वळवली.

“कान चांगले आहेत,” ती म्हणाली. “पण दहा महिन्यांचा झाला, तोंडातून बा नाही की मा नाही. त्याच्याशी कुणी बोलतच नाही, यांदे. तो तरी कुणाशी बोलणार?”

पुस्तक चटईवर ठेवून ती गेली.

दोन दिवस यांदेच्या डोक्यात तेच. बोललं तर पोर जाईल, न बोललं तर मुकं राहील. नमाजाला उभी राहिली तरी ओठ आपले म्हणत राहायचे आणि मन अल्लाला विचारायचं, यातलं काय मागू?

तिसऱ्या दिवशी दुपारी ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. पोर रांगत पुस्तकापाशी गेलं, पान उलटलं आणि त्यावर फाडकन थाप मारली.

“ते गाढव आहे,” तिच्या तोंडून निसटलं.

ती घाईघाईने, मुद्दाम मोठ्याने म्हणाली, “तुझ्याहून देखणं आहे हो! कान बघ कसे ताठ आहेत. तुझे बघ, झिजलेल्या चपला!”

पोर तिच्या तोंडाकडे बघत राहिलं. मग खुदकन हसलं.

यांदेने वर पाहिलं, कडुनिंबाखाली पाहिलं, कुंपणापाशी पाहिलं. काही झालं नाही. होणार तरी काय? तिने तर पोराला नावं ठेवली होती.

तिने पान उलटलं. “ही कोंबडी. ती अंडी तरी घालते. तू काय करतोस? नुसते लंगोट भरतोस!”

मग तिने डोक्यावरचा रुमाल तोंडावर ओढला आणि हळूच बाजूला केला. “अजून इथंच आहे का हा?” शिवीसारखं फेकायचं होतं ते, पण तसं निघालं नाही. तीन वेळा तिने रडून रडून तोंडावरचं कापड बाजूला केलं होतं आणि समोर कुणी नव्हतं. या वेळी होता. पुन्हा कर, पुन्हा कर म्हणून हात झाडत होता.

आठवडाभर असंच चाललं. एका दुपारी पाठीमागे सावली पडली. हातात जपमाळ घेऊन सेल्बे उभी होती.

“काय चाललंय?”

“शिव्या देतेय, आई.” यांदेने पोराला झटकन मांडीवरून खाली ठेवलं.

“आठ दिवस ऐकतेय मी. ह्या शिव्या आहेत होय? माहेरी काही शिकवलं नाही वाटतं तुला. सरक!”

म्हातारी चटईवर पाय पसरून बसली. पोराला काखेत धरून उचललं आणि मांडीवर आदळलं, पण आदळताना खाली हात धरला. पुढचं पान तिनेच काढलं.

“ही शेळी. हिला दाढी आहे. तुझ्या आज्यालाही होती, पण तो शेतात तरी राबायचा. तुझा काय उपयोग रे? भोपळ्या! काळ्या मडक्याच्या बुडा! नाक कुठं, तोंड कुठं, घाईघाईत कुणी चिकटवलं?”

ती थांबेचना. दहा महिने गप्प बसलेलं तोंड ते. पोर एक बोट शेळीवर ठेवून तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होतं. ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा त्याने ओठ मिटले, उघडले.

“बा,” तो म्हणाला. “बा बा.”

“अगं बाई, माझं सोनं ते!” सेल्बे म्हणाली.

आणि तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. जपमाळ चटईवर पडली. तिच्या डोळ्यांतली भीती यांदेला परकी नव्हती. मान वर करायचंसुद्धा धाडस म्हातारीला होईना.

यांदे ताडकन उठली. अंगणाच्या मधोमध गेली, कंबरेवर हात ठेवले आणि साऱ्या आभाळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली,

“शेळीला म्हणाल्या त्या! पुस्तकातल्या शेळीला!”