खलनायकाची जखम

धाकट्या बहिणीचा, कोमलचा, दहावा उरकून सोमेश्वर गोरेगावला घरी आला आणि मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवत मोबाईल घेऊन बसला. कोर्टात खुनांचा छडा लावायच्या गेममधल्या खुनी वकिलासाठी त्याचा ऊर भरून आला होता. चाहत्यांच्या ग्रुपवर त्यानं लिहिलं, ‘लहानपणी घरच्यांनीच टाकून दिलेलं लेकरू ते. त्याच्यावर थुंकण्याआधी त्याची जखम बघा. माणसाला समजून घ्यायला काळीज लागतं.’

पोस्टवर बदाम पडू लागले, तसा हा काळीजवाला गालात हसला.

मग त्याखाली कोमलचीच कमेंट आली.


‘दादा, बुद्धभूषणशी लग्न करून मी हिंगोलीत खुशाल हाय. माझ्या पिंडाला कावळा शिवला काय?’